कठड्याच्या अलीकडे

बेंचच्या दाराला आतल्या बाजूने एक जाड खटका असतो. तो वर उचलला की दार आत, आपल्या अंगावर उघडतं. बर्फाच्या बाजूला ते उघडत नाही, कारण तसं उघडलं तर भरवेगात येणारं पोर थेट त्याच्यावर आदळेल. प्रत्येक बेंचला अशी दोन दारं असतात. एक बचावाच्या पोरांचं, एक आघाडीच्या. डॅलसजवळच्या आमच्या उपनगरात धाकट्याच्या आइस हॉकी संघात गेली तीन वर्षं आघाडीचं दार माझ्याकडे आहे.

मी कोल्हापूरचा. तालमीतली लाल माती पायाला लागलेली, बर्फावर मला आजही धड उभं राहता येत नाही. पण संघाला दारावर एक मोठं माणूस हवंच होतं. नाव नोंदवलं, पोलीस रेकॉर्डची तपासणी झाली, मुलांच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला, आणि मी बेंचवर जाऊन उभा राहिलो. बाहेर टेक्सासचा चाळीस अंशांचा उन्हाळा आणि आत अंगात जाड जाकीट. इंचभर जाडीचा तो बर्फ खालच्या नळ्यांनी रात्रंदिवस गोठवलेला असतो आणि रिंकमध्ये शिरताक्षणी त्याचा एक ओलसर, धातूसारखा वास नाकात बसतो.

काम सोपं वाटतं, पण तसं नाही. या खेळात बदली खेळाडू पाठवायला खेळ थांबवावा लागत नाही. पाच जण आणि एक गोली बर्फावर, बाकीचे बेंचवर. एक पोर जीव तोडून चाळीस-पंचेचाळीस सेकंद खेळतं, मग बेंचकडे येतं आणि त्याच्या जागी दुसरं जातं. या एका फेरीला शिफ्ट म्हणतात. चाळीस सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण मांड्या पेटायला तेवढे पुरतात. दारवाल्याने येणारा नेमका कधी पोचणार ते ओळखून खटका उचलायचा, जाणाऱ्याला वाट द्यायची आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्या बाजूला यायच्या आत दार लावायचं.

पहिल्याच मोसमात माझ्याकडून चूक झाली. आमचा एक मुलगा बेंचकडे वळलाय असं मला वाटलं, मी दार उघडलं, दुसरा बाहेर पडला, आणि पहिला मध्येच पकमागे परत धावला. बर्फावर आमची सहा पोरं. पंचाची शिट्टी झाली, बर्फावर जास्त माणसं म्हणून दोन मिनिटांची शिक्षा मिळाली आणि त्या दोन मिनिटांत आमच्यावर गोल झाला. सामना आम्ही तेवढ्या एका गोलने हरलो. अकरा वर्षांची मुलं घळाघळा रडली. धाकटा गाडीत एक शब्द बोलला नाही.

कोच ओरडले नाहीत. ते क्विबेकचे, साठीकडे झुकलेले. ऐन उमेदीत सहा मोसम व्यावसायिक हॉकी खेळले, लहान लीगमध्ये, बसने रात्र-रात्र प्रवास करत. पुढच्या सरावाला ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोराच्या तोंडाकडे बघू नका. गुडघ्यांकडे बघा. दम असेल तोवर गुडघे वाकलेले असतात. दमला की तो ताठ उभा राहायला लागतो. गुडघे सरळ झाले की तो येणार. त्याच्या मनात नसलं तरी येणार."

मग त्यांनी १९७९ची गोष्ट सांगितली. १० मेचा दिवस, माँट्रियल विरुद्ध बोस्टन, उपांत्य फेरीचा सातवा आणि शेवटचा सामना. बोस्टन ४-३ ने पुढे, अडीच मिनिटं उरलेली. आणि बोस्टनच्या बेंचवरून एक माणूस जास्त उतरला. जी शिक्षा आमच्या पोरांना झाली तीच. त्या दोन मिनिटांत गी लाफ्लरने बरोबरी साधली, जादा वेळेत माँट्रियल जिंकलं आणि पुढे विजेतेपदाचा स्टॅनले कपही. तिथे दारावर कोण होतं ते कुणालाच आठवत नाही. बोस्टनचे कोच डॉन चेरी यांनी दोष स्वतःवर घेतला, आणि त्या उन्हाळ्यात त्यांची नोकरी गेली. "बेंचवरचं सगळं कोचचं असतं," आमचे कोच म्हणाले. माझी चूकही त्यांनी स्वतःच्या खात्यात घातली होती हे मला त्या दिवशी समजलं.

त्यांच्या छोट्या खोलीत एक फोटो आहे. माँट्रियलचा लाल सदरा, पाठीवर २३. बॉब गेनी. लाफ्लरसारखे तारे सोडून यांचाच फोटो का, असं मी एकदा विचारलं. उत्तर मिळायला दोन हिवाळे गेले. दर रविवारी पहाटे साडेपाचला झांबोनीचं यंत्र बर्फावर पाण्याचा पातळ थर पसरत फिरत असे, आम्ही कठड्याशी कॉफी घेऊन उभे असू, आणि थोडं-थोडं करून मला गेनी कळत गेले. जे ऐकलं ते मी घरी येऊन पडताळत गेलो.

बॉब गेनी यांचा जन्म १९५३चा, ओंटारिओतल्या पीटरबरोचा. १९७३ साली माँट्रियल कॅनेडियन्सनी त्यांना नव्या खेळाडूंच्या निवडीत आठव्या क्रमांकावर घेतलं. सोळा मोसम, ११६० सामने, गोल २३९. म्हणजे एका मोसमाला सरासरी पंधरा. शेजारी खेळणारा लाफ्लर सलग सहा मोसम पन्नास किंवा त्याहून जास्त गोल करत होता. आकडे बघून कुणी म्हणेल, साधाच खेळाडू. पण गेनींचं काम गोल होऊ न देण्याचं होतं. समोरच्या संघातला जो सर्वांत धोकादायक, त्याच्यावर गेनींना सोडायचं. १९७६च्या अंतिम फेरीत समोर फिलाडेल्फिया होती, लागोपाठ दोन वर्षं कप जिंकलेली. त्यांचा कर्णधार बॉबी क्लार्क आणि त्या मोसमात गोलांचा पाऊस पाडणारा रेजी लीच एकाच फळीत. माँट्रियलचे कोच स्कॉटी बोमन यांनी गेनी, डग जार्विस आणि जिम रॉबर्ट्स यांची फळी त्यांच्यासमोर उभी केली. माँट्रियलने चारच्या चार सामने जिंकले.

असा अडवणूक करणारा माणूस लीगला इतका मोलाचा वाटला की त्या कामासाठी वेगळं पारितोषिक सुरू झालं, सेल्की चषक. १९७८ पासून पहिली चार वर्षं तो एकाच माणसाला मिळाला. १९७९च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यांचाच. खेळाडू म्हणून पाच स्टॅनले कप, आणि १९८१ पासून शेवटपर्यंत कर्णधारपद.

हे अडवणं म्हणजे काय ते मी आमच्या पोरांच्या सरावात जवळून पाहिलं. कोच पक बाजूला ठेवून देतात. दोन मुलं, एकाने मधल्या रेषेवरून निघायचं, दुसऱ्याने त्याला रोखायचं. नवखं पोर सरळ त्याच्याकडे धावतं आणि चकतं. कोच त्याला थांबवतात, त्याचे खांदे धरून थोडे फिरवतात आणि त्याच्या स्टिकचं टोक बर्फावर टेकवून घेतात. मग सांगतात की त्याच्या मागे धावायचं नाही, मधली वाट तुझ्या अंगाने बंद कर आणि त्याला कठड्याकडची वाट मोकळी सोड. पळणाऱ्याला वाटतं आपण आपल्या मर्जीने कडेला चाललो आहोत. कडेला पोचला की कठडाच तुझा दुसरा खेळाडू. मला लगेच आमच्याकडची कबड्डी आठवली. चांगला कोपरारक्षक चढाईपटूला हात लावायची घाई करत नाही. दोन पावलांत तो त्याचं मैदान लहान करून टाकतो आणि मग पकड आपोआप बसते. गेनी हेच करत, फक्त ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने, रात्रीमागून रात्री, आणि सकाळच्या वर्तमानपत्रात नाव दुसऱ्याचं. सोव्हिएत संघाचे कोच व्हिक्तर तिखोनोव्ह यांनी गेनींना जगातला सर्वांत परिपूर्ण खेळाडू मानलं होतं असं कॅनडात आवर्जून सांगतात. पलीकडच्या बेंचवरून पाहणाऱ्याला ते दिसलं यात मला नवल वाटत नाही. ज्याचा घास काढून घेतला जातो त्याला काढून घेणारा हात नीट दिसतो.

१९८९ला ते माँट्रियल सोडून फ्रान्समध्ये एपिनाल नावाच्या गावी गेले. दुसऱ्या श्रेणीचा संघ, तिथे एक वर्ष खेळाडूही आणि कोचही. पाच कप जिंकलेला कर्णधार कुणी ओळखत नसलेल्या गावात कोचगिरीची धुळाक्षरं गिरवत होता. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हे वर्ष फार आवडतं. कोल्हापुरात पैलवान थकला की तालमीतच राहतो, आधी पोरांना खेळवतो, मग हौद्याच्या कडेला उभा राहून नुसतं बोलतो, आणि कधी वस्ताद झाला ते त्यालाही कळत नाही. गेनींनी त्यासाठी घर सोडून समुद्र ओलांडला.

पुढच्याच वर्षी मिनेसोटाने त्यांना मुख्य कोच म्हणून बोलावलं. बोलावणारा जनरल मॅनेजर होता बॉबी क्लार्क! १९७६ साली ज्याची कोंडी करायला गेनींना सोडलं होतं, तोच. यापेक्षा मोठी शिफारस कुठली असणार? ऐंशी सामन्यांत अवघे सत्तावीस विजय मिळवून संघ कसाबसा प्लेऑफमध्ये पोचला आणि तिथे त्याने लीगमधल्या पहिल्या क्रमांकाच्या शिकागोला घरी पाठवलं, मग दुसऱ्या क्रमांकाच्या सेंट लुईसला, मग आदल्या वर्षीच्या विजेत्या एडमंटनला. अंतिम फेरीत पिट्सबर्गने त्यांना सहा सामन्यांत हरवलं, शेवटचा सामना तर ८-० असा. पण कोच म्हणून गेनी उभे राहिले होते.

कोचचं काम बेंचवरून दिसतं त्यापेक्षा फार बारीक असतं. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपले खेळाडू आधी उतरवायचे आणि यजमानाने नंतर, असा नियम आहे. म्हणजे घरच्या कोचला समोर कोण आलं ते पाहून माणूस निवडता येतो, पण त्यासाठी हातात काही क्षणच असतात. आमचे कोच त्या वेळी समोरच्या बेंचकडे बघत असतात आणि हात मात्र आमच्या पोरांच्या पाठींवर फिरत असतो. ज्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं तो उठतो. तोंडातून शब्द नाही. तीन वर्षांत मी त्यांना स्वतःच्या बेंचकडे वळून बघताना क्वचितच पाहिलं आहे. कुठलं पोर कुठे बसलंय, कुणाला धाप लागली आहे, कोण मघाच्या चुकीने खचलंय, हे त्यांना हातानेच कळतं.

१९९२ साली क्लार्क गेले आणि जनरल मॅनेजरची खुर्चीही गेनींकडे आली. १९९३ला संघ मिनेसोटा सोडून डॅलसला आला, आणि आमच्या आयुष्याशी या गोष्टीचा धागा इथे जुळतो. या गरम मुलखात तेव्हा बर्फाची मैदानं बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे संघानेच उपनगरांतून रिंक बांधल्या. आज आमच्या मंडळाच्या गणपतीत झांज वाजवणारी दोन-तीन पोरं आरती आटपून पाठीवर हॉकीची भलीमोठी बॅग टाकून निघतात, त्याला ते स्थलांतर कारण आहे.

दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला तर काय होतं? कोचला आजचा सामना जिंकायचा असतो. मॅनेजरला तीन वर्षांनंतरचा संघ बांधायचा असतो. दमलेल्या जुन्या खेळाडूला कोच आज रात्री उतरवेल, मॅनेजर त्याला पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात पाठवेल, आणि दोघांना आरशात एकच चेहरा दिसेल. त्यातच १९९५च्या जूनमध्ये गेनींची पत्नी मेंदूच्या कॅन्सरने गेली. पदरी चार मुलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी कॅलगरीकडून ज्यो न्यूएनडाइक घेतला आणि बदल्यात अठरा वर्षांचा जरोम इगिन्ला देऊन टाकला. १९९६च्या जानेवारीत त्यांनी बेंच सोडलं, केन हिचकॉक यांना कोच केलं आणि स्वतः मॅनेजर म्हणून वर गेले.

वर म्हणजे खरोखर वर. मॅनेजर बसतो प्रेक्षकांच्याही वरच्या बाजूला. तिथून खेळाची रचना नकाशासारखी दिसते, पण खांद्यावर थोपटता येत नाही. त्या खुर्चीतून गेनींनी एक-एक माणूस जोडला. सर्गेई झुबोव्ह, गोली एड बेलफोर, ब्रेट हल. जुना माँट्रियलवाला गी कार्बोनो, ज्याने गेनींच्या हाताखाली अडवणुकीची कला शिकून स्वतः तीनदा सेल्की चषक मिळवला होता, त्याला तर आधीच आणलं होतं. १९९९च्या जूनमध्ये बफेलोत, तिसऱ्या जादा डावात, मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्रेट हलने गोल केला आणि डॅलसला कप मिळाला. त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला न्यूएनडाइक. तिकडे कॅलगरीत इगिन्ला पुढे पाचशेहून जास्त गोल करून थोर खेळाडू झाला. मग तो सौदा चांगला की वाईट? आमचे कोच म्हणतात, दोन्ही गावांना आपापला माणूस मिळाला. मला वाटतं तो चांगलाच होता. कप आल्यावर इगिन्लाचा हिशेब मांडणं सोपं आहे. १९९५च्या डिसेंबरात, घरात सहा महिन्यांचं दुःख असताना, तो निर्णय घेणं सोपं नव्हतं.

२००२च्या जानेवारीत डॅलसचं ते पद सुटलं आणि २००३ला माँट्रियलने त्यांना मॅनेजर म्हणून परत नेलं. तिथे एक गोष्ट दोनदा घडली, आणि माझ्या मनातून ती जात नाही. २००६च्या जानेवारीत त्यांनी कोच क्लोद ज्युलिएन यांना काढलं आणि मोसम संपेपर्यंत स्वतः बेंचवर येऊन उभे राहिले. मदतीला कार्बोनो. मोसमानंतर कार्बोनोंना मुख्य कोच केलं. २००९च्या मार्चमध्ये त्याच कार्बोनोंना काढलं आणि पुन्हा स्वतः खाली उतरले. ज्याच्याशेजारी खेळले, ज्याला डॅलसला बोलावून घेतलं, ज्याच्या हाती जुना संघ दिला, त्यालाच हे सांगावं लागलं. त्या वसंतात बोस्टनने माँट्रियलला पहिल्याच फेरीत चार सामन्यांत संपवलं. उन्हाळ्यात गेनींनी कर्णधार साकू कोइवूसह बऱ्याच जणांना जाऊ दिलं आणि संघ जवळजवळ नव्याने रचला. त्यातला स्कॉट गोमेझचा सौदा महागात पडला, त्यात रायन मॅकडोना नावाचा तरुण बचावपटू हातचा गेला, आणि तो राग माँट्रियलमध्ये अजून निवलेला नाही. २०१०च्या फेब्रुवारीत त्यांनी पद सोडलं. त्याच मोसमात तो नवा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला.

"ते खाली का उतरत असतील?" मी एका रविवारी विचारलं. कोच बराच वेळ झांबोनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वर बसून एखाद्याला काढायचं आणि वरच बसून राहायचं, हे त्या माणसाला जमलं नसेल."

हे वाक्य मला आमच्या निवडचाचणीच्या दिवसाने समजावलं. दर वसंतात चाळीसेक मुलं येतात आणि सतरा घ्यायची असतात. इतर बरेच संघ यादी ईमेलने पाठवतात. आमचे कोच वगळलेल्या प्रत्येक मुलाला आई-बापांसह खोलीत बोलावतात, स्वतः उठून उभे राहतात आणि सांगतात. तीन वर्षांपूर्वी त्या खोलीत आम्हीही होतो, थोरल्याबरोबर. कोच म्हणाले, "तुझं स्केटिंग अजून या वेगाचं नाही. तुझी नजर चांगली आहे. ती खोटी पडणार नाही." पोरगं रडलं नाही. बाहेर येऊन म्हणालं, "बाबा, त्यांचे हात थरथरत होते." दुसऱ्याच आठवड्यात कोचनी मला फोन करून विचारलं, धाकट्याच्या संघाचं दार सांभाळाल का?

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. आता ते बूट घालून बेंचमागे उभे राहतात आणि सराव तरुण सहाय्यक घेतो. मागच्या रविवारी सराव संपला, पोरं कपडे बदलायला गेली, झांबोनी निघायला पाच मिनिटं होती. बघतो तर ते बेंचवर बसून स्केटच्या दोऱ्या आवळत होते. डॉक्टरांनी परवानगी दिली का, असं मी विचारलं नाही. मी खटका उचलला आणि दार आत घेतलं. ते उतरले, कठड्याला एकदा हात लावला, आणि निघाले.

पहिली फेरी सावकाश, डावा पाय जास्त काम करत होता. दुसऱ्या फेरीला वेग आला. रिकाम्या रिंकमध्ये धारेचा आवाज फार मोठा येतो, करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. मी सवयीने गुडघ्यांकडे बघत होतो. वाकलेले होते. तीस सेकंद, चाळीस. पन्नासाव्या सेकंदाला उजवा गुडघा सरळ झाला, मग डावा. ते ताठ उभे, नुसते वेगावर वाहत, समोरून गेले. बेंचकडे त्यांनी पाहिलं नाही.

पलीकडे झांबोनीवाल्याने इंजिन सुरू केलं होतं. मी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि दार उघडंच धरून ठेवलं.